एकादशीचा थाई सॉस

दिगंबर टिल्लू वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षांत त्यांनी कसबा पेठेतल्या निम्म्या दुकानदारांचे तराजू जप्त केले होते आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. लग्नात वधूवरांना आशीर्वाद देतानासुद्धा ते "प्रयत्न करा" एवढंच म्हणत.

अशा माणसाला स्टॉलवर बसवू नये, इतपत शहाणपण त्यांच्या सुनेला, नम्रताला होतं, पण दुसरं कोणी नव्हतं. मुलगा पुष्कर नोकरीसाठी पाच वर्षं बँकॉकला होता. येताना त्यानं सुटलेलं पोट आणलं आणि नम्रतानं तिथला स्वयंपाक. इथं आल्यावर तिनं नोकरी धरली नाही. घरीच करी पेस्ट आणि सॉस करायला लागली आणि कोथरूडला रविवारी भरणाऱ्या एका बाजारात जागा मिळवली. जागा तीन रविवारांपुरती. माल खपला तर कायमची, नाहीतर पापडवाल्यांना. ठरवणार होत्या बाजार भरवणाऱ्या सुनीतीबाई लिमये, आणि सुनीतीबाईंनी ठरवलेलं बदलायची त्यांच्या यजमानांचीही छाती नव्हती.

पहिले दोन रविवार दिगंबररावांनी खरं सांगण्यात घालवले.

"थायलंडला मिळतं तसंच आहे का हो हे?"

"नाही. तिथे मासे घालतात."

"गवती चहा चहात टाकायचा सोडून भाजीत कशाला?"

"मलाही तेच वाटलं होतं."

दोन रविवारांत चार बरण्या गेल्या. त्यातली एक पुष्करनं मित्राला पाठवून घेतली होती. नम्रता चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं दिगंबररावांना वाटलं. पोर पहाटे उठून खलात मिरच्या कुटत होती, हातांची आग आग होत होती तिच्या, आणि आपण तिच्या पोटावर पाय देतोय हे त्यांना कळत होतं.

तिसरा रविवार नेमका कार्तिकी एकादशीचा निघाला. नम्रता लेकीला घेऊन बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलेली. अकरा वाजेपर्यंत स्टॉलवर कुत्रं फिरकलं नाही. समोर साबुदाणा वड्याला मात्र ही रांग. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय.

मग सुनीतीबाई आल्या. दाण्याच्या सॉसची बरणी उचलून त्यांनी उजेडात धरली.

"उपासाला चालेल?"

दिगंबररावांनी चष्मा लावून बरणीवरचं मोठ्यानं वाचलं. दाणे, नारळाचं दूध, गूळ, लिंबू, मिरची, मीठ. पुढे किमतीचं स्टिकर होतं.

"चालेल," ते म्हणाले.

"म्हणजे आपली दाण्याची आमटीच की. भगरीवर घालू." त्यांनी दोन बरण्या पिशवीत टाकल्या.

सुनीतीबाईंनी घेतलं म्हटल्यावर बाकीच्या बायका कशाला मागे राहतात? तासाभरात सतरा बरण्या संपल्या. तक्रार आली तर कळवता यावं म्हणून दिगंबररावांनी प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर वहीत उतरवून घेतला. कोणीतरी आपल्याकडून हसत हसत काही घेऊन जातंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना फार बरं वाटलं.

दीड वाजता नम्रता आली. टेबल पाहून खुलली. मग तिनं कारण ऐकलं.

"बाबा, त्यात लसूण आहे. सोया सॉसपण आहे."

"लेबलवर नाही."

एक बरणी उरली होती. नम्रतानं नखानं तिच्यावरचं स्टिकर सोललं. खाली शेवटची ओळ होती. वजन आणि किंमत ठळक दिसलीच पाहिजे म्हणून ती स्टिकरं दिगंबररावांनीच आदल्या दिवशी लावली होती, पट्टी धरून, अगदी सरळ.

"मी सगळ्यांना फोन करतो."

"नका ना करू, बाबा. जागा जाईल. आणि जेवले असतील आता सगळे."

"म्हणूनच करतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण जन्मभर दुसऱ्याचा तराजू तपासलेला माणूस, करणार काय? पहिला नंबर सुनीतीबाईंचा होता.

"त्या सॉसमध्ये लसूण आहे," ते म्हणाले. "चूक माझी, सुनेची नाही. तुमचा उपास मी मोडला."

"अहो टिल्लू, चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय मी. झाकण उघडलं तेव्हाच कळलं. मी ताक-भगर खाल्ली."

"आणि लिमये?"

"त्यांना वास येत नाही. दुखण्यातून उठल्यापासून तोंडाला चवच नाही. रोज दोन घास खातात आणि ताट सारतात. आज तीनदा मागून घेतलं." सुनीतीबाई जरा थांबल्या. "जागा तुमच्या सुनेला दिली आहे, ते मी बाजारातच ठरवलं, त्याचा या फोनशी संबंध नाही. पण लहानपणापासून यांची एक एकादशी चुकलेली नाही. आता निजलेत. तुम्ही खऱ्याची माणसं. उठवून सांगू का?"

दिगंबररावांनी वहीतल्या पुढच्या नावांवरून बोट फिरवलं. नम्रता त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी वही मिटली.

"नको," ते म्हणाले.

"आणि उठल्यावर त्यांनीच विचारलं तर?"

"तर म्हणावं, टिल्लूंनी स्वतः वाचून खात्री दिली आहे. माणूस खोटं बोलत नाही."