लंडनच्या काळ्या मॅडम

चेअरमनसाहेब, फलाटावर तुम्ही हार मागं घेतलात. मी तुमच्या पाठीमागंच उभा होतो, स्पीकरचा कर्णा खांद्यावर घेऊन. महालक्ष्मी एक्सप्रेस रिकामी झाली, हमाल पांगले, हलगीवाले बिड्या पेटवून बसले, तरी तुमचे डोळे एसी डब्याच्या दारावरून हलेनात. निळा पंजाबी ड्रेस घातलेली, पन्नाशीची, ठेंगणी, काळीसावळी बाई दोन बॅगा ओढत आली आणि तुमच्यापुढं थांबली.

"बाजूला व्हा हो बाई," तुम्ही म्हणालात, "लंडनचं पावणं यायचं हाईत."

तिनं तुमच्या हातातल्या पाटीवरच्या नावावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

तुम्ही पाटीकडं बघितलंत, बाईकडं बघितलंत आणि हार तुमच्या क्लार्कच्या, कृष्णातच्या हातात कोंबलात. "तूच घाल."

हलगी वाजलीच नाही. ज्यांनी वाजवायची तेही तुमच्या तोंडाकडं बघत राहिले.

मी मृत्युंजय. शिवाजी पेठेत माझा मंडप-स्पीकरचा धंदा. तुमच्या शाळेनं मॅडमसाठी आमच्या माडीवरची खोली घेतली होती आणि माझी पोरगी शांभवी तुमच्याच शाळेत पाचवीत आहे. त्यामुळं जूनपासून डिसेंबरपर्यंत जे झालं ते बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत झालं. उरलेलं घरच्यांनी आणि कृष्णातनं सांगितलं.

तिचं नाव डोरीन. तिच्या पणज्याला इंग्रजांनी बिहारकडून बोटीत घालून गयानाला नेलं होतं, ऊस तोडायला. ऊसतोड म्हटल्यावर कोल्हापुरात जास्त काही सांगावं लागत नाही. बाप पुढं लंडनला गेला. ही तिथंच जन्मली, तिथंच शाळेत शिकवून म्हातारपणाला लागली. नवरा वारला, पोर ना बाळ. तिथल्या एका संस्थेकडून वर्षभर फुकट शिकवायला म्हणून ती आपल्याकडं आली. हे सगळं आलेल्या कागदात होतं. फक्त रंग लिहिला नव्हता. तो तुम्ही मनानंच भरलात आणि शाळाप्रवेशाच्या जाहिरातीच्या बोर्डावर सोनेरी केसांची बाई रंगवून घेतलीत.

गोरं माणूस पेठेत दिसलं की पोरं मागं लागतात, चहावाला चहा पाजतो, दोन शब्द मराठी बोललं तर लोक टाळ्या पिटतात. डोरीन मॅडमला ह्यातलं काही मिळालं नाही. तिचं तोंड आपल्यासारखं होतं, म्हणून तिला आपली भाषा यायलाच पाहिजे होती. मंडईत भाजीवालीनं तिला सीमेपलीकडची समजून काय पाहिजे म्हणून कानडीत विचारलं, "एन बेकु, आक्का?" मॅडमनं इंग्रजीत वांगी मागितली.

"अगं बया! विंग्रजी फाडतीया की!" शेजारची म्हणाली. "निपाणीस्नं आली आन् म्हाराणी झाली. आमास्नी काय येडं समजतीस व्हय गं?"

मॅडमला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. ती वांगी न घेताच परत आली. त्यानंतर शांभवीला सोबत घेतल्याशिवाय ती मंडईत गेली नाही. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. खाली गल्लीत बायका धान्य निवडत, भांडत, हसत बसलेल्या असायच्या. कुणी वर बघितलं की ही हसायची. बायका मान फिरवायच्या. रविवारी बहिणीला फोन लावायला एसटीडी बूथवर जायची आणि येताना डोळे पुसत यायची.

माझी आई रत्नव्वा गोकाककडून लग्न होऊन आली तेव्हा तिलाही मराठीचा गंध नव्हता. सुरुवातीला आम्ही मॅडमला पाट मांडून, आधी वाढून, सगळ्यांनी भोवती उभं राहून जेवायला घालत होतो. पाहुण्याला असंच जेवू घालायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आठवडाभरात आई माझ्यावर खेकसली.

"किती दिस पावणी म्हणून बशिवणार तिला? एकटं जेवाय लावायचं आन् घरादारानं तोंडाकडं बघत ऱ्हायाचं! माझ्या घशाखाली उतरला नसता घास."

"मग काय करू, अव्वा?"

"शेंगा दे की फोडाय."

त्या दिवसापासून मॅडम चुलीपुढं आईशेजारी बसून शेंगा फोडायला लागली. ही इंग्रजीत बोलायची, ती कानडीत. दोघींचं काय चालायचं देवाला ठाऊक, पण चालायचं.

शाळेत तुम्ही तिला पाचवी ब दिलीत, कारण तो वर्ग मागच्या बाजूला संडासाजवळ आहे आणि तिथवर पालक येत नाहीत. पालकसभेला तिला बोलावलं नाहीत. कृष्णातनं विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते त्यानं माझ्या दुकानात बसून सांगितलं. "पालक म्हणणार, असली लंडनवाली आमच्या शेताच्या बांधावर बी घावंल. ऱ्हाऊ दे तिला आतच."

ती आतच राहिली आणि शिकवत राहिली. शांभवी मला म्हणाली, "पप्पा, चुकलं तर आमच्या मॅडम मारत न्हाईत. आन् हसत बी न्हाईत." हसलेलं कसं लागतं ते त्या बाईला चांगलं माहीत होतं.

गॅदरिंग जवळ आलं तेव्हा मॅडमनं मुलांचं इंग्रजी नाटक बसवलं. मंडईचंच. शांभवी भाजीवाली झाली होती. तालमी आमच्या गच्चीवर. मॅडम शांभवीकरवी मला म्हणाली की तिला सत्कार नको, शाल नको. एकदा फक्त पालकांपुढं उभं राहून सांगायचंय की ही माझी मुलं, मी ह्यांना शिकवलं. तेवढ्यासाठी ती थांबली होती. नाहीतर दिवाळीलाच परत गेली असती.

आणि तुम्ही काय केलंत? पन्हाळ्यावर फिरायला आलेली एक गोरी पोरगी गाडीत घालून आणलीत. तिला साडी नेसवलीत, टिकली लावलीत, स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलंत. निवेदकानं माझ्याच माइकवरून जाहीर केलं, "लंडनहून आलेल्या आपल्या इंग्लिशच्या मॅडम!" पालकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. ती पोरगी इटलीची होती, साहेब. तिला 'थँक्यू'च्या पुढं इंग्रजी येत नव्हतं.

डोरीन मॅडम विंगेत माझ्या अँप्लिफायरजवळ उभी होती. नवी साडी नेसलेली, आईनं चोपून नेसवलेली. तिनं त्या खुर्चीकडं बघितलं. मग खाली वाकून शांभवीचा पदर खोचला आणि तिला हळूच पुढं ढकललं.

नाटक झकास झालं. मुलं कुठं अडली नाहीत. शेवटी निवेदक म्हणाला, "आता ही मुलं आपल्या इंग्लिशच्या मॅडमच्या पाया पडून आशीर्वाद घेतील." तुम्ही मधल्या खुर्चीकडं हात केलात.

मुलांना कुणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. त्यांनी सगळ्या पाहुण्यांकडं पाठ केली आणि विंगेत घुसली. पहिली शांभवी, मागं सगळा वर्ग. मॅडमच्या पायाला ह्या जन्मात कुणी हात लावला नसावा. ती दचकून मागं सरली, अँप्लिफायरला धडकली, आणि दोन्ही कर्णे असे किंचाळले की पालक उठून उभे राहिले.

"त्या कोण रं?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "मग ही खुर्चीतली कोण?"

लोक हसले. ह्या वेळी तुम्हाला. तेवढंच तुम्हाला सोसलं नाही.

सोमवारी सकाळी तुम्ही कृष्णातला आमच्याकडं पाठवलंत. तो दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही. "सायेब म्हणत्यात, मॅडमचं काम संपलं." आणि तिकडं, शांभवीनं घरी सांगितलं तसं, तुम्ही स्वतः पाचवी 'ब'च्या वर्गावर गेलात. मुलांना सांगितलंत की त्या मॅडम नव्हत्या, मदतीला ठेवलेल्या बाई होत्या. खऱ्या मॅडम स्टेजवर बसल्या होत्या. मग विचारलंत, "कुठं बसल्या होत्या?" वर्ग ओरडला, "स्टेजवर!"

शांभवी ओरडली नाही. तिला तुम्ही शाळा सुटेपर्यंत बाकावर उभं केलंत.

आज मॅडम गेली. मी रिक्षा आणतो म्हणालो, ती नको म्हणाली. बॅगेला हात लावू दिला नाही. आईनं भाकरी-चटणी बांधून दिली. दोन्ही बॅगा ओढत ती भर रस्त्यानं निघाली. गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी बॉल पायाखाली दाबून धरला, तिला जाऊ दिलं आणि खेळ पुढं चालू केला. ती कोपऱ्यावर वळली तरी एकानंही मान वर केली नाही.

संध्याकाळी शांभवी म्हणाली, "पप्पा, उद्या परत इचारतील. सगळीजणं स्टेजवर म्हणत्यात. मी काय सांगू?"

ते मी का सांगू? उद्या शाळा भरताना मी तिच्याबरोबर पाचवी 'ब'च्या दारात येऊन उभा राहणार आहे. ह्या मुलांना शिकवलं कुणी, साहेब? मुलांकडं तोंड करून, त्यांच्यापुढं, तुमच्या तोंडानं सांगा.