बॅनरवर एक जागा शिल्लक

अंजूरच्या अनंताकाकांना जगात दोनच गोष्टी मनापासून आवडत. एक म्हणजे माईक, आणि दुसरी म्हणजे तो बंद पडला तर दुसरा माईक. कुणाचं बारसं असो, क्रिकेटची टूर्नामेंट असो, नाहीतर कुणाच्या दारात नवीन म्हैस आलेली असो, काका तिथे "हॅलो हॅलो, चेक" करत हजर! त्यामुळे सख्खी पुतणी क्षितिजा भोपाळच्या शालेय राष्ट्रीय जलतरण स्पर्धेला निवडली गेली हे ऐकल्यावर काकांनी काय विचारलं असेल? किती मीटर पोहायचं? नाही. कधी निघायचं? छे! काका म्हणाले, "बॅनर केवढा करायचा?"

क्षितिजा नववीत. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीला "प्रेझेंट मॅडम"सुद्धा इतकं हळू म्हणायची, की मॅडम तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या आणि ही बिचारी ती दुरुस्त करायलाही उठायची नाही. पण पाण्यात मात्र ती वेगळीच! पुतळाआत्याने तिला पाच वर्षांची असताना खाडीत ढकलून दिलं होतं. आत्या खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायची, आणि पोरगी काठावर बसून रडते म्हटल्यावर तिला हा एकच उपाय सुचला. "बुडली न्हाय, म्हनजे पोहता येतंय," असं आत्याचं साधं शास्त्र. पुढे ठाण्याच्या तरणतलावावर पोहण्याच्या सरांनी त्या हातपाय मारण्याला फ्रीस्टाइल हे नाव दिलं, एवढंच.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पहिली आली, विभागात दुसरी, राज्यातही दुसरी, मग थेट भोपाळ. आणि मधल्या मधे कुठेतरी तिची भीती पळाली. स्टार्टिंग ब्लॉकवर उभं राहिलं की सगळं जग आपल्याकडे बघतं, पळून जावंसं वाटतं, आणि तरी शिट्टी वाजली की उडी मारावीच लागते. दहा-बारा वेळा अशी उडी मारल्यावर हजेरीचं काय घेऊन बसलात! आता तिचं "प्रेझेंट मॅडम" शेजारच्या वर्गातसुद्धा ऐकू यायचं.

अडचण एकच होती. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रेल्वे, राहणं, जेवण, रेसचा कॉस्च्युम धरून नऊ हजार. सोमवारी सकाळी माझ्या हातात. नाहीतर मला दुसऱ्या मुलीचं नाव द्यावं लागेल. मग मला शिव्या देऊ नकोस."

क्षितिजाचे बाबा, महादू, अंजूर-भिवंडी रिक्षा चालवायचे. नऊ हजार म्हटल्यावर त्यांनी रिक्षाच्या मीटरकडे असं पाहिलं, जणू तोच काहीतरी बोलेल.

"दादा, तू गप ऱ्हा," अनंताकाका म्हणाले. "पैसे मी उभे करतो. आपल्या गावात पैशाला तोटा हाय का? रविवारी सत्कार, सोमवारी पोरगी भोपाळला!"

आणि खरंच, काकांनी पैसे उभे केले. त्यांची युक्ती साधी होती. फुकट कोण देतं? पण पाचशे रुपये दिले की शुभेच्छुक म्हणून बॅनरवर फोटो, म्हटल्यावर लोक घरातून इस्त्रीचे शर्ट घालून धावत आले. गोडाऊनला जमीन दिलेले शेठ आले. रिक्षा स्टँडवाले आले. भिवंडीतल्या एका पॉवरलूमवाल्याने तर, "लडकी कौन है अपुन को मालूम नहीं, लेकिन फोटो जरा बडा आना मंगता," म्हणून हजार दिले.

आता झालं काय, की डोकी वाढली. डोकी वाढली म्हणून बॅनर वाढला. बॅनर वाढला तर त्याला बांबू नकोत का? एवढा बॅनर लावायचा तर समोर मांडव नको? मांडवात माणसं बसणार तर खुर्च्या नकोत? खुर्च्यांवरची माणसं काय उपाशी घरी पाठवायची? आणि वाजवायला बेंजो पार्टी नसताना अंजुरात कार्यक्रम झालाय कधी?

रविवारी संध्याकाळी क्षितिजाने बॅनर पाहिला आणि तिला हसावं की रडावं कळेना. गावदेवीच्या देवळासमोर पार या टोकापासून त्या टोकापर्यंत! डोकीच डोकी! मधोमध गोडाऊनवाले भूपेशशेठ, बरोब्बर मोजून त्यांच्याएवढाच त्यांचा चुलतभाऊ प्रितेशशेठ, मग सगळे दादा, भाई आणि आधारस्तंभ. आणि उजव्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी, क्षितिजा. पोहण्याच्या कपड्यातला फोटो देवळासमोर कसा लावायचा, म्हणून काकांनी चुलत बहिणीच्या हळदीतला तिचा फोटो दिला होता. पैठणी, नथ, हळदीने पिवळंधमक तोंड. आणि ती पोहते हे कळावं म्हणून फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर तिच्या डोळ्यांना काळा गॉगल चिकटवला होता. नव्या नवरीला वेल्डिंगचं काम लागल्यासारखी दिसत होती ती!

"काका," ती हसू दाबत म्हणाली, "मस्तच! आणि पैसे? उद्या सकाळी सरांना द्यायचेत."

काकांनी अभिमानाने बॅनरकडे हात केला. "ह्ये काय!"

"ते दिसलं. उरलेले?"

"उरले कुठं? बेंजोवाल्याचेच अजून..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी बॅनरकडे पाहिलं, बिर्याणीच्या टोपाकडे पाहिलं, मग पुतणीकडे पाहिलं. हळूहळू त्यांचं तोंड हवा गेलेल्या ट्यूबसारखं झालं. "पोरी, मला वाटलं... एवढा सत्कार झाला, म्हंजे जानं झाल्यातच जमा..."

काकांवर रागवावं तर त्यांचे डोळे भरलेले. बाजूला बाबा खिशातून काढलेली रिक्षाची किल्ली चाचपत होते, आणि ते रिक्षा गहाण टाकायचा विचार करतायत हे क्षितिजाला नको तेवढं कळलं.

"बाबा, किल्ली आत ठेवा," ती म्हणाली. पण तिच्या स्वतःच्या मात्र खाडीतल्या पहिल्या दिवसासारखं नाकातोंडात पाणी गेलं होतं नुसतं.

सत्कार सुरू झाला. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला. भूपेशशेठनी पोहण्याचं महत्त्व सांगता सांगता काल्हेरला बांधलेल्या नव्या गोडाऊनचं महत्त्व सांगितलं. प्रितेशशेठनी आपलं गोडाऊन त्याहून लांब आहे हे नम्रपणे सुचवलं. मग काका पडक्या आवाजात म्हणाले, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

क्षितिजा उठली. स्टेजवर जाऊन माईकसमोर उभी राहिली. सगळं गाव बघत होतं, पळून जावंसं वाटत होतं. अरे, मग हा तर ब्लॉकच झाला की!

तिने उडी मारली.

"नमस्कार मंडळी! बॅनर एक नंबर झालाय. फक्त माझं तिकीट त्यात खर्च झालंय."

मांडवात कुणीतरी हसलं. मग तो विनोद नाही हे लक्षात येऊन ओशाळलं.

"सोमवारी नऊ हजार भरले नाहीत तर मी जात नाही. म्हणून मी आता लिलाव करणार आहे. जत्रेत देवीच्या नारळाचा करतो तसाच."

सगळे सावरून बसले. लिलाव म्हटलं की अंजूरकरांची पाठ आपोआप ताठ होते. गेल्या जत्रेत एका नारळावरून भूपेशशेठ आणि प्रितेशशेठ असे काही भिडले होते, की तेवढ्या पैशांत अख्खी नारळाची बाग आली असती.

"मी भोपाळहून आले की दुसरा बॅनर लागेल. त्यावर मी मोठी. आणि माझ्या शेजारी फक्त एकच जागा. बाकी एक डोकं नाही! बोला, त्या जागेचे काय देता?"

"आन मेडल न्हाय आनलंस तर?" प्रितेशशेठनी विचारलं.

"बॅनर मेडलचा नाही शेठ, माझ्या येण्याचा. मी येणार हे नक्की!"

"हजार!" भूपेशशेठ उठलेच.

"दोन!" प्रितेशशेठ.

"चार!"

"पाच!"

बेंजोवाल्याला राहवेना, तो प्रत्येक बोलीला टँव टँव वाजवायला लागला. काकांमध्ये जीव आला. "पाच हजार एक वार! कोन हाय का मर्द?" साडेसहा झाले, सात झाले. "साडेआठ!" भूपेशशेठ गरजले आणि मिशीवरून हात फिरवत खाली बसले. प्रितेशशेठ घाम पुसत आभाळाकडे बघायला लागले.

क्षितिजाने मनात आकडा धरला. अजून पाचशे. फक्त पाचशे!

"एक वार... दोन वार..."

"नऊ हजार!"

आवाज बायकांच्या बाजूने आला. सगळ्या माना वळल्या. उभी होती रंजिता, म्हणजे खुद्द भूपेशशेठची बायको! शेजारी कमरेला पदर खोचून पुतळाआत्या.

"साडेनऊ!" भूपेशशेठच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मग त्यांना समजलं आपण कुणाच्या वर बोललो ते.

"दहा," रंजिता शांतपणे म्हणाली.

"अगो, पन पैसे माझेच ना?"

"तुमचे कशाला? आमच्या भिशीचे हायत. बसा खाली."

मागून एक पोरगा ओरडला, "शेठ, बसा! रातीला घरी जायचंय ना?" मांडव असा हसला की बांबू हलले. शेठ बसले.

पुतळाआत्याने माईकची वाट पाहिली नाही. तिला त्याची गरजही नव्हती. "सगल्या बॅनरवर ह्ये बापये! वाढदिवस ह्यांचा, निवड ह्यांची. प्रितेशचा कुत्रा पन एकदा आला बॅनरवर, केक खाताना! आमी कवा येनार? पोरीला पोहायला कोनी शिकवलं, ह्यांनी?"

"काका, तीन वार म्हणा!" क्षितिजा ओरडली.

काकांनी "तीन वार" एवढ्या जोरात म्हटलं, की माईक बंद पडला.

सोमवारी सकाळी बाबांनी रिक्षा काढली, आणि भिशीतल्या चुरगळलेल्या, सुकटीचा वास येणाऱ्या नोटा सरांच्या हातात पडल्या. सरांनी नाक मुरडलं, पण घेतल्या.

भोपाळला क्षितिजा सहावी आली. तिने स्वतःचीच जुनी वेळ मागे टाकली, पण पुढच्या पाचजणी काही थांबायला तयार नव्हत्या. येताना गाडीत तिला जरा धाकधूक होती. आता बॅनरवर लिहिणार काय?

ती काळजी आत्याने आधीच मिटवली होती. देवळासमोर नवा बॅनर झळकत होता. निघण्याआधी घाईघाईने काढून घेतलेला फोटो: खाडीच्या पाण्यात गुडघाभर उभी क्षितिजा, या वेळी पोहण्याच्याच कपड्यात, डोक्यावर टोपी. गावदेवीने काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. तिच्या शेजारच्या एका जागेत दाटीवाटीने, साड्या वर खोचून, भिशीतल्या साऱ्याजणी. मधे पुतळाआत्या. क्षितिजाचा जुना गॉगल तिनेच लावला होता आणि तेव्हापासून काढायला साफ नकार दिला होता. वर ठळक अक्षरांत:

"क्षितिजा भोपाळला जाऊन आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

अनंताकाका बराच वेळ खाली उभे होते. मग हळूच आत्याजवळ सरकले.

"ताय, खाली कोपऱ्यात जरा जागा हाय बघ. माझा एवढुसा फोटो..."

आत्याने गॉगल कपाळावर चढवला आणि हात पुढे केला.

"पाचशे."