मार्गशीर्षातली अरुंधती

“गॅसबत्त्या तिकडं सरकवा रे, आभाळ दिसू द्या,” भटजी म्हणाले, तसे दोघांनी मांडवातल्या बत्त्या उचलून भिंतीआड नेल्या. अंगण एकदम काळोखलं. सप्तपदी नुकतीच आटोपली होती. नवरा-नवरी मांडवाबाहेर येऊन उभी राहिली आणि त्यांच्यामागे सगळे वऱ्हाडी. भटजींनी उत्तरेकडे बोट केलं.

“तो ध्रुव. अन् त्याच्या खाली सप्तर्षी. त्यातल्या वसिष्ठाशेजारी बारीकशी अरुंधती. काय नवरदेव, दिसली का?”

“दिसली,” मधूने झटकन सांगून टाकलं. त्याला सकाळपासूनचा उपास होता.

“मलेही दिसली,” त्याचे वडील टिकारामजी मागून म्हणाले. मग कोणीच मागे राहीना. तिरोडीहून आलेल्या अख्ख्या वऱ्हाडाला बघता बघता अरुंधती दिसली. एका म्हाताऱ्या आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांनाही दिसली.

“अन् सूनबाई?”

प्रमोदिनीने चष्मा नीट बसवला आणि भटजींच्या बोटाच्या रोखाने पाहिलं.

“मले नाही दिसून राह्यली,” ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि ते हसू घेऊनच तिने वडिलांकडे पाहिलं. चिंतामण मास्तरांना ते हसू लगेच कळलं. मार्गशीर्षात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, ते उगवायला मध्यरात्र उलटावी लागते, हे लेकीला त्यांनीच शिकवलं होतं. हायस्कूलात मुलांना हिंदीतून आणि घरी अंगणात तिला मराठीतून. भटजी मात्र उन्हाळा असो की हिवाळा, दर लग्नात तेच बोट तिकडेच करत. आजवरच्या साऱ्या नवऱ्या ‘दिसली’ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

“मास्तर,” विहीणबाई, दुर्गाबाई, म्हणाल्या, “तुमी त म्हणाले होते, चष्म्यातून पोरीले सारं दिसते म्हणून.”

त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. या चष्म्यापायी प्रमोदिनीची दोन स्थळं मोडली होती. हे तिसरं जुळलं ते केवळ मास्तरांच्या शब्दावर. आता सगळ्या अंगणाचे डोळे त्यांच्याकडे लागले.

एक वाक्य पुरलं असतं. तिथे आत्ता अरुंधती नाहीच, एवढंच. पण ते बोललं की जावई खोटा, जावयाचा बाप खोटा, भटजीही खोटे, आणि तेही भरमांडवात. शिवाय उद्या त्याच घरात लेकीला नांदायचं होतं. मास्तरांनी ओठांवर आलेलं वाक्य गिळून टाकलं.

“त्याचं असं आहे, विहीणबाई,” ते म्हणाले, “सगळे तारे सारखे नसतात. काहींचा उजेड मुळातच जास्त. काही जवळ, म्हणून ठळक दिसतात. आता पाहा, ओट्यावरचा कंदील किती डोळ्यांत भरते! अन् भरवेलीच्या खाणीवरचे एवढे मोठे दिवे इथून ठिपक्यावाणी दिसतात. अरुंधतीचा उजेड वसिष्ठापेक्षा कमीच. त्यात होमाचा धूर डोळ्यांत गेलेला. वेळ लागते.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. वर्गात त्यांनी हे कितीदा तरी सांगितलं असेल, पण काही झाकायला म्हणून कधी नाही.

“नीट पाहा, बाई,” ते लेकीला म्हणाले. “दिसेल.”

प्रमोदिनीचं हसू मावळलं. तिने चष्मा काढला, शालूच्या पदराने काचा पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला. पण तिने आभाळाकडे पाहिलं नाही. ती वडिलांकडेच बघत होती.

“बाबा, तुमाले दिसते?”

मास्तरांना वाटलं, भुईने पोटात घ्यावं.

“हौ,” ते म्हणाले.

“मग मलेही दिसली.”

“कोठी?” दुर्गाबाईंनी विचारलं.

प्रमोदिनीने हिरव्या चुड्याचा हात उचलला आणि भटजींनी दाखवली होती तीच जागा दाखवली, कौलांच्या वरचा रिकामा काळोख. तिचं बोट जरासुद्धा हललं नाही. शिकवलेलं तिला नेहमीच पटकन यायचं.

“आता कसं!” म्हणत दुर्गाबाईंनी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. बत्त्या परत आल्या, वाजंत्री सुरू झाली, पंगतीची हाक आली. माणसं घाईघाईने पानांवर जाऊन बसली. मास्तर मात्र उत्तरेकडे तोंड करून उभेच राहिले. वळले असते तर लेक समोर दिसली असती, आणि तिच्याकडे पाहायची त्यांची छाती नव्हती.

“पाहा न, पानं वाढली तरी हलत नाहीत,” टिकारामजी शेजारच्याला कौतुकाने म्हणाले. “मास्तरले ताऱ्यायचं भारी याड दिसते.”