मिठाची गोण नव्हतो मी

बोल बोल म्हणून मागे लागलात म्हणून सांगतो, नाहीतर दारातल्या पायपुसण्याची कहाणी ऐकून कुणाचं भलं झालंय? मी गोणपाट बोलतोय. मधे तोंड घालू नका, एकदाच सांगणार.

रोह्याच्या गिरणीतून तांदूळ भरून मी पेणच्या खारेपाटात आलो. तांदूळ. मीठ नव्हे. बायजाबाईनं मला उसवलं आणि आपल्या दुकानातल्या भाजीवर पांघरलं.

इथली जमीन खारी, पालेभाजी रुजत नाही. बायजा पहाटेच्या एस्टीनं पेणला जायची, माठ-मेथी आणायची. उन्हात तो पाला ताजा ठेवायचं काम माझं. नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, तरी गोड्या पाण्याची एक कळशी ती माझ्यावर शिंपडायला राखून ठेवायची. इतका मान गावात माणसालाही नाही.

शेजारच्या निशिगंधाला सातवा महिना. डॉक्टरणीनं सांगितलेलं, अंगात रक्त कमी, रोज पालेभाजी खा. एस्टीचे धक्के तिला सोसत नव्हते. बायजा तिला म्हणाली, "तू नको जाव गो. तुझी जुडी मी काढून ठेवीन."

वैशाखात बायजा भाजी लावून भाचीच्या हळदीला परगावी गेली. पाणी शिंपडायचं नवऱ्याला, जनूला, बजावून गेली. जनूचा जन्म मिठागरात गेलेला. पाल्यावर कशाला गोडं पाणी घालवायचं, म्हणून त्यानं बांधापलीकडून खाडीचं बादलीभर आणून माझ्यावर ओतलं. मनात वाईट नव्हतं, हे मीही मानतो.

संध्याकाळी बायजा परतली तोवर पाला गळून काळा पडला होता. निशिगंधानं देठ चावला आणि थुंकली. "काकी, खारट हाय."

चार बायका उभ्या होत्या. बायजानं नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "गोण मिठाची असंल. जुनं मीठ सुटलं असंल."

बायजाला पटलं. राखलेली ती कळशी तिनं मला धुण्यात संपवली. बायका काय खुळ्या आहेत? जन्म मिठात काढलेला त्यांनी, खाडीच्या पाण्याची चव लगेच ओळखली. पाणी वाचवायला बायजाच रोज खाडीचं शिंपडते, असं घरोघर झालं. आठवडाभर जुड्या गुरांपुढं गेल्या. मग तिनं पेणला जाणंच सोडलं.

आता भाजीच्या जागी वेफर्सच्या माळा लोंबतात. निशिगंधाला आठवा सरत आलाय. परवा आली, तोंड पांढरंफटक. "माठ नाय ना?" म्हणाली. बायजानं बटाटे तोलले.

मी उंबऱ्याशी पडून असतो. चिखलाचं मला काही नाही. पण ज्यानं बादली ओतली त्यानं त्या चार बायकांपुढं एकदा खरं सांगितलं, तर बायजा उद्याची एस्टी धरील. पोरीचे दिवस थोडे उरलेत, आधी तेवढं करावं. माझी माफी मागाहून मागितली तरी चालेल. पण मागायची आहे, आणि ती मागायची आहे जनूनं.