नोएमीच्या हातचे पहिले क्रॉफिश

मित्रांनो, मी काही नाजूक भांडं नाही. एक अख्खं पोतं पोटात घेणारा, क्रॉफिश उकडायचा जुना टोप आहे मी. ॲल्युमिनियमचा, आत भोकाभोकांची जाळी असलेला आणि एका कानाने वाकडा. आता क्रॉफिश म्हणजे काय विचाराल, तर आमच्या लुईझियानाच्या चिखलात राहणारे कोळंबीचे चुलतभाऊ म्हणा. नांग्या मात्र खेकड्यासारख्या, आणि राग खेकड्यापेक्षा जास्त.

मला ओव्हीदने घडवलं. तो पेशाने वेल्डर. लग्नाच्या पहिल्या वर्षी भाताच्या जुन्या कोठाराचे पत्रे आणून त्याने मला परसात जोडलं. त्याची बायको नोएमी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, कान वाकडा लागलाय!" तो म्हणाला, "लागू दे. त्याला थोडंच काही ऐकायचंय!" त्याचं चुकलंच म्हणायचं. मी सगळं ऐकलं आहे.

दर गुड फ्रायडेला आमच्याकडे मटणा-कोंबडीला कुणी शिवत नाही. त्या दिवशी परसात मीच. पाण्यात मीठ, लाल मिरची, लिंबं, लसूण, बटाटे आणि मक्याची कणसं. पाणी खळखळलं की क्रॉफिश आत. मग लांब टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर सगळं ओतायचं आणि उभ्याउभ्या हाताने सोलून खायचं. लोक बोटं चोखत म्हणायचे, "ओव्हीद, तुझ्या हाताला चव आहे बाबा!" हाताला! माझं नाव कुणी घेत नसे. पण मला काही वाटायचं नाही, खरंच सांगतो.

उकडण्याचं काम ओव्हीदचं. नोएमी स्वयंपाकघरात. आग विझवली की तो माझ्याजवळ खुर्ची टाकून बसायचा, हातात बिअर, नजर माझ्या पाण्यात. तेवढ्यात नोएमी जाळीच्या दारातून ओरडायची, "शेगडी विझवलीस ना? मग काढ की बाहेर! इकडे पोरांच्या पोटात कावळे ओरडतायत आणि हे बघा, राजे बसलेत! आळशी मेला!"

"बसू दे गं जरा," एवढंच तो म्हणायचा. का बसतो ते त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती? आणि तिने तरी कधी विचारलं? दोघंही एकापेक्षा एक.

मग एका पानगळीत ओव्हीद छातीत कळ येऊन गेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा रेमी ह्यूस्टनला असतो. वसंत आला तसा त्याचा फोन आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. "आई, बाबा गेले, आता गुड फ्रायडेचं हे बंद करू. एवढा पसारा तू एकटी कुठे करणार?"

नोएमी म्हणाली, "एकदा ये. मी उकडते. नाही जमली चव, तर पुन्हा बोलावणार नाही."

अगं बाई, असं कशाला बोलून बसलीस!

गुड फ्रायडेला ती पहाटेपासून खपत होती. तिने मला घासलं. क्रॉफिश पाणी नितळ होईपर्यंत धुतले, मेलेले वेचून टाकले. मसाला ओव्हीदच्याच डब्यातला. अर्धं पोतं माझ्यात सोडलं, अर्धं ओल्या गोणपाटाखाली ठेवलं. पाण्याला पुन्हा उकळी आली, तिने शेगडी विझवली आणि लगेच, अगदी लगेच, जाळी उचलली. पोरांना भुकेलं ठेवायचं नव्हतं ना तिला. मी किती तळमळलो! पण टोपाला तोंड असतं ते फक्त वाफेपुरतं.

ह्यूस्टनहून आलेले सगळे टेबलाभोवती उभे राहिले. रेमीने एक सोलला, खाल्ला, दुसरा सोलला. मग हसत म्हणाला, "आई, मीठ तरी टाकलंस का?"

"टाकलंय रे. सगळं टाकलंय."

"आजोबांसारखे नाहीत," त्याची मुलगी म्हणाली. सुनेने तिला डोळ्यांनी दटावलं. रस्त्यावर गर्दी होईल म्हणत ते उन्हं असतानाच निघाले. अर्धे क्रॉफिश टेबलावर तसेच.

मग शेजारचा क्लेबेर आला. ओव्हीदचा जन्माचा दोस्त. त्याने एक तोंडात टाकला आणि विचारलं, "नोएमी, भिजवलेस किती वेळ?"

"भिजवायचे असतात?"

"अगं, आग विझली की मग ते मसाला पितात. आधी तरंगतात, पिऊन जड झाले की बुडतात. ओव्हीद तेच तर बघत बसायचा."

नोएमी टेबलापाशी बसली. "मी त्याला सगळ्यांदेखत आळशी म्हणायची रे. एवढी वर्षं."

"त्याला आवडायचं ते. तू ओरडलीस की मला डोळा मारायचा."

ती कितीतरी वेळ रडली. मग उठली आणि उरलेलं पोतं माझ्यात सोडलं. उकळी आली, आग विझली. या वेळी ती माझ्याजवळ बसली. लालभडक क्रॉफिश एकेक करून खाली गेले. तिने एक सोलला, खाल्ला आणि डोळे मिटले. तीच चव! मित्रांनो, अगदी तीच!

तिने ओल्या हातानेच फोन लावला. "रेमी, जमली रे! अगदी बाबांसारखी. माघारी फिर."

"आई, आम्ही कधीच पुढे आलोय. पोरं झोपलीत." मग तो म्हणाला, "आणि तूच म्हणाली होतीस ना, नाही जमली तर पुन्हा..."

"हो," ती म्हणाली. "म्हणाले होते. सावकाश चालव."

त्यानंतर मला कुणी पेटवलेलं नाही. छपरीत पडून आहे. कोळ्यांनी जाळी विणली आहेत. मला घासूपुसू नका, माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही रांधत असेल तर जा त्याच्याजवळ. विचारा, हे असं का करतोस? तो हसेल, चिडेल, पण सांगेल. आणि सांगायला तो आहे, तोवरच विचारा.