चादरीखाली दोघं

"काय दखी ऱ्हायनात भाऊ? धनना हंडा सापडना का काय?"

मागून आवाज आला तसा मुख्तार दचकला, पण त्याने मान वळवली नाही. सोनगीरच्या किल्ल्यावर, ढासळलेल्या तटाच्या कडेला तो पालथा पडला होता. कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर, दगडाच्या खाचेत एक कुंभारीण माशी ओल्या मातीचं गाडगं घडवत होती. बोराएवढंच, पण त्याला गळा होता आणि काठ बाहेर वळवलेला होता.

"हळू बोला, अक्का. घर बांधतेय ती."

विचारणारी भिकुबाई खालच्या वस्तीतली. साठी उलटलेली, हातात काठी. तिच्या शेळ्या उतारावर चरत होत्या. एक गाभण बकरी तेवढी भरकटू नये म्हणून तिने पलीकडच्या बाभळीला बांधून ठेवली होती. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

"हाई तं आमना घरमाबी ऱ्हास. चुल्हामांगे. मी झाडूघाई पाडी टाकस."

मुख्तारने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. गाडग्यावर माशीच्या तोंडाचे बारीक ठसे उमटले होते. भिकुबाई बराच वेळ बघत राहिली.

"आते नही पाडाव," ती म्हणाली.

मुख्तार हसला. पण माशी उडाली तसा तो कोपरांवर झटकन मागे सरकला. ते भिकुबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

"भ्यातस का तिले?"

"भितो," मुख्तार म्हणाला.

धुळ्यात त्याचा छोटा फोटो स्टुडिओ होता. हनुवटी वर, नजर समोर, हलू नका, असं म्हणण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उतारवयात हा नाद लागला: किड्यांची घरं. पानं शिवून केलेली, थुंकीच्या फेसाची, काड्यांची मोळी करून पाठीवर वाहिलेली. ती टिपताना कुणाला काही सांगावं लागत नसे. मग साक्रीच्या बाजूला एका गांधीलमाशीने त्याच्या मनगटाला डंख केला. बघता बघता चेहरा सुजला, गळा आवळत गेला, आणि शुद्धीवर आला तेव्हा तो दवाखान्यात होता. डॉक्टरांनी औषधाच्या दोन कुप्या आणि सुया डबीत घालून दिल्या. पुन्हा असं झालं तर आधी मांडीत टोचायचं आणि मग दवाखाना गाठायचा, असं बजावलं.

"काटनेवालों के पास मत जाना जी," त्याची बायको अकबरी दर वेळी दारात म्हणायची. तो मान हलवायचा. काही महिने त्याने कोळ्यांच्या जाळ्यांवर भागवलंही. पण कुंभारणीच्या गाडग्याने त्याला पुन्हा ओढून आणलं होतं, आणि सकाळपासून त्याच्या तळहातांचा घाम हटत नव्हता.

पाखराची सावली दगडावरून सर्रकन गेली. मुख्तारने वर पाहिलं. रुंद पंखांचा एक शिकारी पक्षी कड्याखाली शिरला. तिथे आग्या मोहोळ लटकतं, हे त्याला ठाऊक होतं. मुद्दामच तो दूर बसला होता. पक्षी पोळ्याचा लचका घेऊन उडाला, आणि कड्याखालून धूर निघावा तसा काळा लोट वर आला.

"अक्का, खाली पडा!"

ऊन अडवायला आणलेली पांढरी चादर त्याने ओढली, भिकुबाईचा दंड धरून तिला खाली पाडलं आणि दोघांवर चादर घेतली. कडा कोपरांखाली, पायांखाली दाबल्या. पुढच्याच क्षणी कापडावर गारा पडाव्यात तशा माशा आपटू लागल्या. त्या घोंघावण्याने त्याचे दातसुद्धा थरथरत होते.

तेवढ्यात बकरी ओरडली.

"मन्ही बकरी! बांधेल शे ती!" भिकुबाई उठू लागली. "सोड माले. दोरी सोडी येस."

मुख्तारने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "नका, अक्का. चादर उचलू नका. मी मरेन. माशी चावली की मी मरतो!"

"ती मरी जाई रे भाऊ! गाभण शे!"

"मी पाया पडतो तुमच्या."

चादरीखालच्या गरम हवेत ती त्याच्याकडे बघत राहिली. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. बाहेर बकरी दोरीला हिसके देत होती. भिकुबाई पुन्हा आडवी झाली आणि तिने आपल्या बाजूची कड घट्ट दाबून धरली.

तरीही एक माशी आत होतीच. मानेवर निखारा टेकावा तसा डंख बसला.

भिकुबाईने नखाने काटा खरवडून काढला, पण मुख्तारचे ओठ जड व्हायला लागले होते. कॅमेऱ्याची पिशवी पोटाखालीच होती. त्याने त्यातली औषधाची डबी उघडली. पहिली कुपी फोडताना बोटांतच चिरडली आणि औषध मातीत गेलं. दुसरीला हात लावायचा त्याला धीर होईना.

"मी धरस. तू फोड," भिकुबाई म्हणाली. तिच्या दोन बोटांत कुपी जराही हलली नाही. त्याने कुपीची मान मोडली, सुई भरली, पायजम्यावरूनच मांडीत खुपसली. छाती धडधडू लागली. श्वास शिट्टीसारखा येत होता. भिकुबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ले, भाऊ. दम ले. आखो एक ले."

तो श्वास घेत राहिला. केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की बकरीचा आवाज थांबला आहे. भिकुबाईचा हातही पाठीवर थांबला होता.

चादरीवरचा मारा विरळ होत गेला. बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आली. मोकळ्या शेळ्या केव्हाच खाली पळून गेल्या होत्या. बाभळीची दोरी ताणलेली होती, आणि तिच्या टोकाला बकरी पडली होती. पोट तेवढं फुगीर. भिकुबाईने त्यावर हात ठेवला, दाबला, पुन्हा ठेवला. मग काढून घेतला.

मुख्तारने स्टुडिओत मुलाला, आतिफला, फोन लावला. त्याला दवाखान्यात न्यायला तो लगेच गाडी घेऊन निघाला.

"अक्का," मुख्तार म्हणाला. जीभ सुजलेली होती. "मी तुम्हाला जाऊ दिलं नाही."

"मीच नही गयी," भिकुबाई म्हणाली. "मानूस व्हता तू."

तिने बकरी ओढत किल्ल्याच्या दरवाजाच्या सावलीत आणली. तिचं डोकं मांडीवर घेऊन ती कानातले काटे एकेक करून काढू लागली. अगदी हळू, जनावराला दुखू नये अशा बेताने.

मुख्तार लांब उभा होता. बकरीच्या केसांत मेलेल्या माशा अडकलेल्या होत्या, आणि त्यांतली एक अजून पाय हलवत होती. डबी आता रिकामी होती. तो जवळ गेला, भिकुबाईच्या समोर बसला आणि त्याने दुसऱ्या कानातला पहिला काटा काढला.