सिल्व्हेराबाईंच्या डोंगरातली वाट

लग्न होऊन सुमेधा क्युपर्टिनोला आली ते १९८४ साल होतं. अमितचा दिवस चिप्स आणि कोडमध्ये जायचा, आणि तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. साताऱ्याला कॉलेजात असताना ती रोज सायकलने जायची यायची. इथे दूध आणायलासुद्धा गाडी लागायची, आणि गाडी तिला चालवता येत नव्हती. वर्षभर तिने खिडकीतून लांबचे डोंगर पाहिले. उन्हाळ्यात ते वाळक्या गवताने पिवळेधमक व्हायचे आणि मधूनमधून ओकची झाडं काळपट छत्र्यांसारखी दिसायची.

दुसऱ्या वर्षी अमितने तिला वाढदिवसाला जाड टायरची एक सायकल आणून दिली. "डोंगरात चालवायची असते म्हणे. तू आपली इथे लायब्ररीपर्यंत जा," तो म्हणाला.

सुमेधा लायब्ररीपर्यंत गेली, आणि पुढच्या आठवड्यात डोंगरापर्यंत. पहिल्या चढाला तिने सायकल ढकलतच नेली. वर पोचल्यावर समुद्राकडून धुकं दरीत शिरताना दिसलं, आणि ती खाली बसून बराच वेळ नुसती हसत राहिली. तिथेच तिची क्रेगशी ओळख झाली. दाढीवाला क्रेग सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. दर शनिवारी पाचसहा जणांना घेऊन तो डोंगरात यायचा. उतारावर पाठ मागे कशी न्यायची, पुढचा ब्रेक एकदम का दाबायचा नाही, हे सगळं त्याने तिला शिकवलं. शिकताना ती दोनदा चांगलीच आपटली, आणि एकदा पॉयझन ओकच्या झुडपात पडून आठ दिवस अंगभर खाजवत बसली.

"यार, हे काय वेड आहे?" तिच्या हातापायांना औषध लावत अमित म्हणायचा. पण सुमेधा आता जेवताना खूप बोलायला लागली होती, ते त्याला आवडत होतं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात डोंगरातल्या पार्कवाल्यांनी अरुंद पायवाटांवर सायकली बंद केल्या. घोडेवाल्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि काही सायकलवाले खरोखरच बेफाम जायचे. उरला तो फक्त धुरळ्याचा रुंद रस्ता. पार्कच्या पलीकडे मात्र एक जुनी वाट होती. ती मिसेस सिल्व्हेरा नावाच्या बाईंच्या जमिनीतून जायची. त्यांचे आजोबा अझोर्स बेटांवरून आले होते, आणि त्यांनी डोंगरात पायऱ्या-पायऱ्यांनी ऑलिव्ह लावले होते. त्यांची खेचरं त्या वाटेने खाली उतरायची. आता ती वाट झुडपांनी बुजली होती, आणि तिच्यावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती.

"मी दोनदा विचारायला गेलो," क्रेग म्हणाला. "दोन्ही वेळा बाईंनी कुत्रा सोडला."

सुमेधा एकटी गेली. कुत्रा भुंकत आला, तशी ती सायकल आडवी टाकून दाराबाहेरच उभी राहिली. मिसेस सिल्व्हेरा बाहेर आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"काय पाहिजे?"

"तुमच्या ऑलिव्हच्या झाडांना फळ धरलंय. कुणी काढत नाही का?" सुमेधाने विचारलं. वाटेविषयी बोलायचं पाठ करून आली होती, पण तोंडातून हेच निघालं.

बाईंनी वर झाडांकडे पाहिलं. "मुलगा सॅक्रमेंटोला असतो. आता वर चढायचं कुणी?" मग त्यांनी कुत्र्याला बोलावून घेतलं.

त्या दिवशी वाटेचा विषय निघालाच नाही. तिसऱ्या भेटीत निघाला. मिसेस सिल्व्हेरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मोठा पाऊस लागायच्या आत वाट नीट करा. कुंपणाची दारं उघडी राहिली आणि माझी एक बकरी जरी बाहेर गेली, तर त्याच दिवशी बंद. आणि मी त्या दाढीवाल्याला ओळखत नाही. तुला ओळखते. काम चालू असताना तू इथे असलीस तरच हो."

सुमेधा त्या संध्याकाळी उड्या मारतच घरी आली. अमित स्वयंपाकघरात उभा होता. त्याचाही चेहरा फुललेला होता.

"सुमी, रेडमंडची ऑफर आली! मी म्हणत होतो ना, ती उत्तरेकडची सॉफ्टवेअर कंपनी? ऑक्टोबरमध्ये जॉइन करायचंय."

ती खुर्चीवर बसली. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तू जा. मी डिसेंबरमध्ये येते."

"म्हणजे?"

"वाट पूर्ण झाली की."

"वाट? सुमेधा, ती काय आपली वाट आहे? कुणातरी बाईची जमीन, कुणातरी लोकांच्या सायकली!"

"माझी आहे," ती म्हणाली. "इथे आल्यापासून मी काही केलं असेल तर हेच."

तिसऱ्या दिवशी अमितने विचारलं, "गाडी चालवायला शिकशील? मी नसताना तुला लागेल." तेच त्याचं उत्तर होतं. पुढचे तीन रविवार त्याने तिला शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवली. दोघं चिडले, भांडले, आणि ती टेस्ट पास झाली.

अमित गेला, आणि मराठी मंडळात बोलणं सुरू झालं. मंडळाच्या रेखाताई सुमेधाहून पंधरा वर्षांनी मोठ्या आणि तोंडाच्या स्पष्ट होत्या. दिवाळीच्या फराळाला त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"नवरा तिकडे एकटा कॅनमधलं सूप पितोय आणि तू डोंगरात गवत काढतेस? लोक काय म्हणतात माहितीये?"

"माहितीये, ताई. तुम्हीच आत्ता सांगितलंत."

रेखाताईंचा चेहरा उतरला. सुमेधालाही वाईट वाटलं, पण ती माफी न मागताच घरी आली. त्या रात्री तिने अमितला फोन केला नाही. रडत असल्याचं आवाजावरून त्याला कळलं असतं.

काम मात्र पुढे सरकत होतं. दर शनिवार-रविवारी क्रेगची माणसं यायची. झुडपं छाटायची, कुदळीने वाट डोंगराच्या अंगाला कोरायची, आणि पाणी वाटेवरून वाहण्याऐवजी बाजूला उतरावं म्हणून ठिकठिकाणी तिरपे दगड बसवायचे. मधल्या दिवसांत सुमेधा एकटीच असायची. मिसेस सिल्व्हेरा खाली ओट्यावर बसून तिला काय चुकतंय ते ओरडून सांगायच्या. एकदा तिने तिथल्या झाडाचं तमालपत्रासारखा वास येणारं पान भाताला घातलं, तर भात इतका उग्र झाला की दोघींनी तो कोंबड्यांना टाकला.

नोव्हेंबरच्या मध्यावर अवेळी जोराचा पाऊस आला. सकाळी सुमेधा वर गेली, तर ऑलिव्हच्या वरचा वाटेचा सगळा वळसा खाली घसरून गेला होता. महिन्याभराचं काम चिखलात लोळत होतं. क्रेग आला, डोक्याला हात लावून उभा राहिला.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. "अर्धी माणसं थँक्सगिव्हिंगच्या सणाला गावी जाणार आहेत. आपल्याच्याने होणार नाही."

"पुढच्या वर्षी मी इथे नाहीये."

"मला माहिती आहे, सुमेधा. आय अॅम सॉरी."

घरी येऊन तिने मंडळाची फोनची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. डोंगरात माती उचलायला कोण येणार? कुणाची पार्टी होती, कुणाची पाठ दुखत होती. रेखाताईंचा नंबर तिने दोनदा फिरवायला घेतला आणि दोन्ही वेळा फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी क्रेग आणि तिघेच आले. ती चौघांना फावडी वाटत होती, तेवढ्यात खालून एक मोठी स्टेशन वॅगन धापा टाकत वर आली. रेखाताई उतरल्या. साडी, वरून नवऱ्याचं जाकीट आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. मागून त्यांची दोन मुलं, नवरा आणि मंडळातली आणखी दोन कुटुंबं उतरली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सुमेधाने विचारलं.

"सगळ्यांना फोन केलेस आणि मला नाही, हे कळायला मला किती वेळ लागेल असं वाटलं तुला?" रेखाताईंनी पदर खोचला. "मी अजूनही म्हणते, तू नवऱ्याजवळ असायला हवंस. ते नंतर बोलू. फावडं दे."

त्यांची मुलगी झुडपाजवळ जाऊन किंचाळली, "मॉम, डोंट टच दॅट, इट्स पॉयझन ओक!"

"मग तू मागे हो आणि घमेलं धर," रेखाताई म्हणाल्या.

दुपारी सगळ्यांनी चिखलाच्या हातांनीच पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मिसेस सिल्व्हेरांनी खारवलेले ऑलिव्ह आणून दिले, आणि रेखाताईंनी ते लोणच्याची फोड खावी तसे पुरीबरोबर खाल्ले. पुढच्या शनिवारी आणखी लोक आले. मग थँक्सगिव्हिंग संपवून क्रेगचे मित्रही परतले. या वेळी वळसा जरा वर, खडकाच्या अंगाने काढला, आणि पुढच्या पावसात तो तसाच राहिला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाट खुली झाली. अमित विमानाने आला होता. क्रेगने त्याला दुकानातली एक सायकल दिली. पहिल्याच वळणावर तो गवतात आडवा झाला. सुमेधा घाबरून मागे वळली, तर तो उताणा पडून आकाशाकडे बघत होता.

"लागलं का?"

"नाही. थांब, उठतो." तो उठला नाही. "सुमी, हे सगळं तू केलंस?"

"सगळ्यांनी."

"पण तू नसतीस तर?"

ती त्याच्या शेजारी गवतात बसली आणि मागून येणाऱ्यांना हात करून पुढे जायला सांगत राहिली.

खाली आल्यावर मिसेस सिल्व्हेरांनी विचारलं, "आता तू जाणार. दारांकडे कोण बघणार?" क्रेग पुढे झाला, पण बाईंनी बोट रेखाताईंकडे केलं. "ही."

"मी?" रेखाताई गडबडल्या. "मला तर सायकलसुद्धा येत नाही!"

"दार लावायला सायकल कशाला लागते?" बाई म्हणाल्या. रेखाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि मग एखादं मोठं पद मिळाल्यासारखी मान डोलावली.

आठवड्याने सुमेधा आणि अमित गाडीतून उत्तरेला निघाले. ऑरेगनपर्यंत सुमेधानेच गाडी चालवली.

रेडमंडला जानेवारीभर पाऊस होता. एका सकाळी तो जरा थांबला, तशी सुमेधा बाहेर पडली आणि जवळच्या सायकलच्या दुकानात शिरली. काउंटरवरच्या माणसाला तिने इथल्या जंगलातल्या वाटांविषयी विचारलं.

"वाटा कसल्या? लाकूडतोड्यांचा एक जुना रस्ता आहे, पण तो कधीच बुजलाय," तो म्हणाला. "शिवाय खासगी जमीन आहे."

"कुणाची?" सुमेधाने विचारलं. "ते कुठे राहतात?"